वहिनींचा घसा आणि दोन डबे

गल्लीत त्यांना सगळेच वहिनी म्हणतात, पण हक्काचा दीर त्यांना एकच. तो आणि वहिनींचा नवरा, म्हणजे धाकटा आणि थोरला, एका इमारतीतलं इंटरनेट तारेशिवाय दुसऱ्या इमारतीत पोचवून देतात. दोन गच्च्यांवर समोरासमोर दोन पांढरे डबे बसवायचे, की झालं काम. एका गच्चीवर थोरला चढतो, दुसरीवर धाकटा. वहिनी दुकानात बसतात.

यात अडचण एवढीच होती, की भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

चार वर्षांपूर्वी थोरला शिडीवर असताना खाली शिडी धरून उभा असलेला धाकटा फोन घ्यायला बाजूला गेला. शिडी सरकली आणि थोरल्याचं मनगट मोडलं. दवाखान्यात धाकटा म्हणाला, "मी सांगून गेलो होतो." थोरला म्हणाला, "खोटं बोलतोय." तेव्हापासून एकमेकांशी बोलायचं नाही, असा दोघांनी कानाला खडा लावला. धंदा मात्र वेगळा केला नाही, कारण डबे जोडीनेच बसतात. दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जात. धाकटा चालवायचा, थोरला मागे बसायचा, आणि वळायचं असेल तर त्या बाजूच्या खांद्यावर बोट टोचायचा.

गच्चीवर गेल्यावर बोट कुठे टोचणार? म्हणून दुकानात दोन फोन आले, एक थोरल्यासाठी आणि एक धाकट्यासाठी. थोरला म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, डबा जरा डावीकडे फिरव." वहिनी दुसऱ्या फोनवर म्हणायच्या, "भाऊजी, डबा जरा डावीकडे घेता का?" तिकडून उत्तर यायचं, "त्याला म्हणावं, आधी स्वतःचा बघ." इकडे पोचेपर्यंत त्याचं व्हायचं, "अहो, तुमचाही एकदा बघून घ्या म्हणतायत." दिवसभरात जेवढी भांडणं वहिनींनी चहासारखी गाळली, तेवढा चहा त्यांनी जन्मात गाळला नसेल.

अशाने त्या सगळं शिकल्या. डबा वेगवेगळ्या मोडवर चालतो. ॲक्सेस पॉइंट केला की तो 'मी इथे आहे' म्हणून हाक मारत राहतो. क्लायंट केला की हाक ऐकून जोडला जातो. एक हाक मारणारा, एक ऐकणारा, असे दोघं असले की जोडी जमते. कोणता डबा काय करायचा, हे वहिनीच ठरवत. थोरल्याला वाटे धाकट्याने ठरवलं आणि धाकट्याला वाटे थोरल्याने, म्हणून दोघंही कुरकुर करत, पण ऐकत.

मग वहिनींचा आवाज बसायला लागला. आधी संध्याकाळी बसायचा, मग दुपारपासूनच. एकदा त्यांनी आईला फोन केला तर आई म्हणाली, "कोण बोलतंय?" आपण बोलतोय हे आईला सांगावं लागलं, याचं वहिनींना फार वाईट वाटलं. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की गाठी आल्यात. तीन आठवडे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर जास्तच वाईट. ऐकलं नाहीत तर आवाज असाच राहील, कदाचित याहून वाईट होईल.

घरी दोघा भावांनी गंभीरपणे माना हलवल्या. आवाज जपलाच पाहिजे, असं थोरला भिंतीकडे बघून म्हणाला. धाकटा पंख्याकडे बघून 'अगदी खरं' म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात शाळेचं काम आलं. शाळा ओढ्याच्या अलीकडे आणि वसतिगृह पलीकडे. थोरला शाळेच्या गच्चीवर चढला, धाकटा वसतिगृहाच्या. कोण काय होणार हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून दोघांनी आपापला डबा ॲक्सेस पॉइंट केला. दोन्ही डबे हाका मारत सुटले, ऐकणारा कुणीच नाही. थोड्या वेळाने थोरल्याच्या मनात आलं, की जाऊ दे, नव्या डब्यांतलं त्याला जास्त कळतं, त्याचंच राहू दे. त्याने आपला डबा क्लायंट केला. त्याच वेळी पलीकडे धाकट्याच्या मनात आलं, की जाऊ दे, शेवटी मोठा आहे. त्यानेही क्लायंट केला. चार वर्षांत पहिल्यांदा दोघांनी माघार घेतली, आणि दोन्ही डबे एकमेकांच्या हाकेची वाट बघत गप्प झाले.

दोघांनीही वहिनींना फोन लावला. वहिनींनी दोन्ही उचलले. "माझा क्लायंट केलाय, तरी लागत नाही," असं दोन्ही कानांत आलं, आणि काय झालंय ते वहिनींना तिथल्या तिथे कळलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जिभेवर आलं आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग त्यांनी मेसेज लिहिला: भाऊजी, तुमचा डबा ॲक्सेस पॉइंट करा. पाठवण्याआधी तो पुन्हा वाचला. आज हा पाठवला की उद्या दुसरा पाठवावा लागेल, आणि घसा बरा झाला की पुन्हा घसा. त्यांनी मेसेज पुसून टाकला. दोन्ही फोनचे स्पीकर चालू केले, टेबलावर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येईल असे ठेवले, आणि हाताची घडी घालून बसल्या.

दोन्हीकडून नुसता वारा येत होता. मग थोरला 'हॅलो, हॅलो' करू लागला.

"वहिनी, दादाचा आवाज आला आत्ता," धाकटा म्हणाला. "त्याला विचारा, कुठल्या मोडवर आहे."

"त्याला सांग, क्लायंटवर," थोरला म्हणाला.

धाकट्याने फोन तोंडाजवळ घेतला.

"दादा, मीपण क्लायंटवर आहे."

"तू कशाला?"

"म्हटलं, तू मोठा."

थोरला खाकरला. मग आता कोण बदलणार, यावर जोरदार वाद झाला, कारण दोघांनाही बदलायचं होतं. शेवटी धाकट्याने बदलला. डबे जोडले गेले. फोन ठेवायला हरकत नव्हती, पण कुणी ठेवला नाही.

"त्या दिवशी खरंच सांगून गेला होतास?" थोरल्याने विचारलं.

"सांगितलं होतं. तू ड्रिल चालवत होतास."

"मग ऐकू कसं येणार?"

"नसेल आलं. मी थांबायला हवं होतं रे."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं, की एवढंच होतं. ड्रिलच्या आवाजात एक वाक्य ऐकू आलं नाही, आणि त्यापायी यांनी माझा घसा झिजवला.

त्या दिवसापासून दोघांना बोलायला दिवस पुरेना. स्कूटरवर बोलायचे, जेवताना बोलायचे, एकमेकांना तासभर फोन लावायचे. दुकानातले दोन्ही फोन चार्ज होऊन पडून राहिले. नातेवाइकांना थोरला सांगायचा, की आमचं आम्हीच मिटवलं, मधे कुणाची गरज पडली नाही. वहिनी शेजारी बसून ऐकत. बोलायची मनाई होती, त्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

तीन आठवडे संपल्यावर दोघंही त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या गप्पा रंगल्या, त्या दारातून आत ऐकू येत होत्या. डॉक्टरांनी घसा तपासला आणि गाठी गेल्याचं सांगितलं.

"आता बोला," डॉक्टर म्हणाल्या. "काहीही बोला."

वहिनींनी तोंड उघडलं आणि त्यांना काही सुचेना. 'अहो, भाऊजी म्हणतायत' किंवा 'भाऊजी, हे म्हणतायत' यांखेरीज वाक्य सुरू कसं करायचं, हेच त्या विसरल्या होत्या. वहिनींनी थोडा विचार केला.

"मला राग आलाय," त्या म्हणाल्या.

"आवाज स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जरा मोठ्याने म्हणा बघू."

वहिनींनी ते मोठ्याने म्हटलं. बाहेरच्या गप्पा एकदम थांबल्या.