अंगठ्याने कुलूप मापणारे मामा

घाटंजीच्या बसस्टँडसमोर छत्रीखाली बसणारे चाबीवाले मामा कुलूप हातात आलं की आधी त्याच्या तोंडावर अंगठा दाबायचे. मग अंगठा उन्हात धरून त्यावर उमटलेला वळ बघत बसायचे. आपण कुलूप उघडायला आलोय की भविष्य विचारायला, असा प्रश्न नवख्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. हा थाट फक्त गोल कुलपांसाठी होता. कपाटांना, दुकानातल्या काचेच्या शोकेसना असतात ना, नळीसारख्या चाबीची, ती. बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

त्यांच्यासाठी मामांकडे पेनाएवढी तीन हत्यारं होती, चष्म्याच्या जुन्या डबीत जपलेली. थोरली, मधली आणि धाकली, ही नावं त्यांनीच ठेवलेली. तिघींच्या जाडीत फरक इतका थोडा की मला कधी दिसला नाही. "थोरली आत जातच नाई, म्हून कळते," ते सांगायचे. "धाकली जाते. अन् गेली म्हंजे जमलं, असं माणसाले वाटते. तठंच फसते."

शाळेच्या कपाटांच्या चाब्या हरवण्याचं खातं वर्षानुवर्षं माझ्याकडेच असल्यामुळे आमची ओळख चांगली मुरली. हत्यार लावण्याआधी ते प्रत्येकाला विचारायचे, आत काय आहे? एकदा एक गृहस्थ पेटी घेऊन आले. आत कागद आहेत म्हणाले. कसले कागद, असं विचारल्यावर ते उखडले, तुला काय करायचंय म्हणाले. मामांनी पेटी शांतपणे त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि बिडी पेटवली. घरातलं माणूस आतलं सांगताना चिडत नाही, असं त्यांचं मत होतं. मला ते पटायचं, पण वाचनालयाच्या कपाटात काय आहे हे दर वेळी सांगताना कंटाळाही यायचा.

मग एक दिवस मी माझ्या घरची पेटी घेऊन गेले.

माझे बाबा विहारात भीमगीतं म्हणायचे. त्यांच्या आवाजाच्या कॅसेटी घरात होत्या. लहानपणी मी त्यातल्या दोन कॅसेटींवर सिनेमाची गाणी भरून ठेवली, रेडिओसमोर टेप धरून, मोठ्या हुशारीने. बाबा रागावले नाहीत. उरलेली एकच कॅसेट त्यांनी लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीला गोल कुलूप बसवून घेतलं. बाबा गेले त्या गर्दीत चाबी कुठे गेली कोणास ठाऊक. आई दर जयंतीला पेटी पुसायची आणि माझ्याकडे बघायची. ते बघणं मला सहन व्हायचं नाही.

"आत काय हाय, बाई?" मामांनी विचारलं.

मी म्हणाले, बाबांचा आवाज आहे.

ते हसले नाहीत. त्यांनी अंगठा दाबला, उन्हात धरला, पुन्हा दाबला आणि धाकली उचलली. ती आत गेली आणि सैल फिरली. मामांनी लगेच हात काढून घेतला. माझा भाऊ सोबत होता, तो म्हणाला, ड्रिल मारून टाका. मामा त्याला म्हणाले, लोखंडाचा भुसा टेपेवर पडला तर तुझा बाप खरखरेल. मग ओशाळून माझ्याकडे वळले. राशनच्या मशीनलाही त्यांचा अंगठा आता कळत नव्हता, रेषा झिजून गेल्या होत्या. कातडी वळ धरत नव्हती.

"बाई, तुमचा अंगठा द्या," ते म्हणाले.

बाबांनी माझ्यामुळे लावलेल्या कुलपावर मी अंगठा दाबला. मामांनी माझा हात डोळ्यांजवळ नेऊन तो वळ बराच वेळ बघितला आणि मधली घेतली. चहा गार होईपर्यंत ते खाली मान घालून बसले होते. झाकण उघडलं तेव्हा आत बघायच्या आधीच त्यांनी पेटी माझ्याकडे फिरवली. संध्याकाळी आईने कॅसेट ऐकली. पहिल्या कडव्याआधी बाबा खाकरले, तिथेच ती रडायला लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले. आता छत्रीच्या जागी मोबाइलच्या कव्हरांची गाडी लागते. मला अजून तिथून सरळ जाता येत नाही, पाय रेंगाळतात.

मामा गेल्यावर पंधरा दिवसांनी मामी शाळेत आल्या. त्या पेटीची गोष्ट मामांनी घरी कितीदा तरी सांगितली होती म्हणे. "तुमच्या फोनमंदी यांचा आवाज असन काय, बाई?" त्यांनी विचारलं.

मी सगळा फोन शोधला. मामांना केलेले कॉल होते, एका कुलपाचा फोटो होता, आवाज कुठेच नव्हता. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसले आणि एकदाही रेकॉर्डिंगचं बटण दाबलं नाही. मामींना मी चहा दिला. मग मामा थोरलीबद्दल आणि धाकलीबद्दल जे सांगायचे ते, जमेल तसं त्यांच्याच लकबीत, म्हणून दाखवलं.

मामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाई बाई," त्या हळू म्हणाल्या, "थे असे नोते बोलत."