बायाचा कूड

तुंगार्लीच्या वरच्या वाडीत कुणाला घराचा कूड लिंपायचा असला की बायाला बोलावणं जाई, आणि बायाबरोबर तिची जीभही येई. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेण, माती आणि भाताचं तूस कालवून थापायचं, एवढंच ते काम. पण लोकांना भारी घाई. मग बाया ओरडे, "जाळ नगा लावू भिंतीला! सावलीत सुकू द्या. भिंत हाय ती, भाकर न्हाई."

एकोणीसशे चौतीसच्या ज्येष्ठात तिची लेक चिंगी सासूशी भांडून, ठरल्याआधीच, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बायाची चिंगीच्या आधीची दोन पोरं तान्हेपणी पावसाळी गारठ्यानेच गेली होती. घरात बाळंतिणीला जागा अशी नव्हतीच. बायाने पडवीला घाईघाईने नवा कूड घातला. ढग तर डोंगरावर येऊन बसलेले. मग जे दुसऱ्याने केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या, तेच तिने केलं. भिंतीलगत गोवऱ्या पेटवल्या.

सकाळी भिंत टणक दिसत होती. तिचा नवरा शिदू याने एका भेगेत बोट घातलं, ते ओलं होऊन बाहेर आलं.

"वरनं पापड, आतनं पीठ," तो म्हणाला.

"बोट काढा आदी. तुमीच भोकं पाडा."

पाऊस लागला. भेगांतून पाणी शिरलं, आतली ओल बाहेर पडेना. तूस फुगलं आणि कारवीवरची पकड सुटली. एका दुपारी अख्खा पापुद्रा घसरून शिदूच्या घोंगडीवर बसला. उरला कारवीचा सांगाडा, त्यातून पडवीभर वारा.

बायाने पावसाला, देवाला आणि स्वतःला, याच क्रमाने, शिव्या दिल्या. मग ती चुलीपाशी गेली. तिथला कूड जुना, वर्षानुवर्षं धुराच्या मंद उबेत वाळून काळा आणि कोरडा झालेला. तिने त्याला गाल लावला.

"चिंगे, ऊठ. तू हितं बाळंत व्हायचंस."

थोरली जाऊ अंबूबाई दारातच थबकली. "अगं, चुलीम्होरं देव हाईत! इटाळ व्हईल की!"

"मग देव हलवते." बायाने देवांची परडी उचलून पडवीत नेली. "त्यांना खोकला व्हत न्हाई."

"कोपतील बाये!"

"कोपू देत. दोन पोरं गेली तवा कुटं निजले व्हते, ते तरी कळंल."

अंबूबाई उंबरा ओलांडून आत आली. ती पाणी तापवायला लागली.

पहाटे चिंगीला मुलगी झाली. पडवीत देवांवर शिदूची घोंगडी, आणि तो नुसता कुडकुडत.

"अगं, मला काय पांघरू?"

"देवांना चिकटून निजा. न्हाईतरी रिकामेच बसलेत."

जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "वारा लागतोय का गं पोरीला?"

बायाने नातीच्या पायाला हात लावला. पाय गरम होता. तरी तिने पुन्हा लावला, आणि मगच म्हणाली, "न्हाई."