मी कागदावर मारलेला पेशंट

तिलक नगरमधल्या माझ्या दवाखान्यात दुपारी एक ते चार कुणी फिरकत नाही. त्या तीन तासांत मी मराठी कथा लिहिते. वडील फौजेत होते. त्यांच्या बदलीबरोबर जयपूरला आलो आणि इथलेच झालो. त्यामुळे माझं मराठी आईच्या तोंडचं आणि पुस्तकांतलं. एखादी कथा दिवाळी अंकात छापून आली की आठवडाभर माझे पाय जमिनीवर नसतात.

गेल्या दिवाळीत अशीच एक आली. दमेकरी म्हातारा पोस्टमास्तर, श्वासाचा पंप विसरू नये म्हणून तो देवघरात घंटेशेजारी ठेवतो, आणि पौषातल्या एका थंड सकाळी पूजा करताकरताच जातो. शेवट फार जमला असं मला वाटत होतं. देवघरातला पंप मात्र माझ्या कल्पनेतला नव्हता. तो माझ्या एका पेशंटचा, रेल्वेतून निवृत्त होऊन जगतपुऱ्यात राहिलेल्या, मूळ अकोल्याकडच्या काकांचा. माझा आगाऊपणा असा, की अंक आला तसा मी तो कौतुकानं त्यांनाच दिला.

महिन्याभरानं काका काकूंना घेऊन आले. काकूंचा चेहरा उतरलेला.

"धड जेवत नाई हे बाई," काका म्हणाले. "मी आंघोळीले गेलो का दाराशी उभी राहून आवाज देते. मतलब, जगूच देईना!"

काकूंनी अंक टेबलावर ठेवला. "देवघरात पंप ठेवनारं मानूस जयपुरात दुसरं कोन हाये, मॅडम? पौष तं आलाच आता. आमाले तोंडावर सांगवलं नसन तुमाले, म्हनून लिहून देलं."

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ही नुसती गोष्ट आहे, पोस्टमास्तर खोटा आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. काकांचे रिपोर्ट काढून दाखवले. गेल्या वर्षीपेक्षा चांगले होते. काकूंनी त्या कागदांकडे पाहिलंही नाही.

"ते मशीन देते," त्या काकांकडे बोट करून म्हणाल्या. " मशीन का यायले ओळखते? हे तं तुमी लिहिलं."

कितीतरी वर्षं लिहिते आहे, पण माझ्या चार पानांवर एखाद्या बाईचा इतका विश्वास बसेल की तिच्या घशाखाली घास उतरणार नाही, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी थक्क झाले आणि घाबरलेही. औषधाची मात्रा लिहिताना मी दोनदा तपासते. माणूस मारताना एकदाही तपासलं नव्हतं.

"मग मी शेवट बदलते," मी म्हणाले. समोरच्या पॅडवरच लिहिलं: पोस्टमास्तर पौष ओलांडतो, नातवाच्या लग्नात पंगतीला वाढतो. वाचून दाखवलं. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"आता सही करा न शिक्का मारा," त्या म्हणाल्या.

मी शिक्का हातात घेतला आणि थांबले. ज्याची खात्री आहे त्यावरच मी तो मारते. येत्या पौषाची, नातवाच्या लग्नाची हमी मी कुठून आणणार? मी तो कागद फाडला. काकूंचे डोळे भरून आले.

मग मी काकांची छाती पुन्हा तपासली, पुढून, पाठीमागून, सावकाश. नव्या कागदावर लिहिलं: "आज हे माझ्यासमोर बसले आहेत. छातीत घरघर नाही. आंघोळीला एकटे जाऊ शकतात. पंप सकाळ-संध्याकाळ. पुढचं मला माहीत नाही." खाली सही केली, शिक्का मारला.

काकूंनी ओळीओळीखाली बोट फिरवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं. असं वाक्य मी आजवर ना कथेत लिहिलं होतं, ना पेशंटच्या कागदावर.

त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"हे खरं हाये," त्या म्हणाल्या. "एखांदं बिस्कूट असन तं द्या न, मॅडम. लई भूक लागली."