गढीच्या दारातला जोहार

त्या दिवशी मी मुद्दाम कोसा नेसले होते. बँकेच्या दोन दिवसांच्या बैठकीला, तेही बसने धूळ खात जायचं असताना कोशाची साडी नेसणं म्हणजे शुद्ध मिरवणं, हे मलाही कळत होतं. पण ती साडी मोठेबाबांनी घेतलेली होती, आणि आम्ही जिथे उतरणार होतो तिथेच मोठेबाबा कामाला होते. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मला अधिकारी म्हणून बढती मिळाली त्या वर्षीच्या दसऱ्याला ते नेहमीसारखे आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरी आले आणि पिशवीतून कोसा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "साहेबीण झाली तं साहेबिणीसारखी दिस," म्हणाले. आता ती नेसून मी येतेय हे त्यांना कळवलं नव्हतं. अचानक पुढ्यात जाऊन उभं राहायचं, अशी माझी हौस होती.

उतरायची जागा म्हणजे कुहीच्या पुढे, आमच्या मूळ गावची गढी. गोंड राजांच्या काळची. नंतर ती मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे आली, मालगुजारी गेल्यावर ढासळत गेली, आणि ऐंशीनंतर मालगुजाराच्या नातवाने मुंबईच्या एका भागीदाराला धरून ती पुन्हा उभी केली. बुरूज, कमान, कचेरी, घोड्यांच्या पागा, सगळं चुन्यात पूर्वीसारखं बसवलं आणि आत गालिचे आणि एसी घालून त्याचं हॉटेल केलं. आमच्या विभागीय साहेबांना जुन्या वास्तूंचा शौक, म्हणून बैठक तिथे. एका रात्रीचं भाडं ऐकून आईने एवढंच विचारलं, "जेवण धरून काय?"

या गढीशी आमचं नातं जुनं. गढीच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या माणसांना वाकून जोहार घालायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे होतं. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. आजोबांनी ते केलं, तरुणपणी मोठेबाबांनीही केलं. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन ते गावी परतले आणि त्यांनी ती काठी नाल्यात फेकून दिली. मालगुजाराचा माणूस बोलवायला आला तर म्हणाले, "जोहार वाहून गेला." ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली की दर खेपेला नाल्याला थोडं जास्तच पाणी यायचं. पुढे बाबा नागपूरला गिरणीत लागले, मोठेबाबा गावातच राहिले. पण दर दसऱ्याला ते पांढरेशुभ्र कपडे घालून यायचे. सकाळी आमच्या अंगणात गल्लीतली माणसं जमायची आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून मोठेबाबा बुद्धवंदना म्हणायचे. त्यांचा आवाज भरदार होता. तो आवाज आमच्या घरची इस्टेट होती, दुसरी काही नव्हतीच.

गढीचं हॉटेल झाल्यावर ते तिथे कामाला लागले. "बगीचा पाहतो," म्हणाले. चांगलं झालं, असं सगळ्यांनाच वाटलं.

बसमध्ये शेजारी बसलेल्या सहकारिणीने साडीचा पदर हातात घेऊन पाहिला. "अस्सल आहे गं. कुणी घेतली?"

"मोठेबाबांनी."

"काय करतात ते?"

"बागेवर असतात," मी म्हणाले. तिने मनातल्या मनात तिथे संत्र्याची झाडं लावून टाकली, आणि मी ती उपटली नाहीत. दोन मिनिटांचा मोठेपणा कुणाला नको असतो?

बस कमानीपासून थोडी अलीकडेच थांबली. मॅनेजर हसतमुख, जोधपुरी कोटात. "पाहुण्यांनी इथून पायी यायचं," तो म्हणाला, "जुन्या रिवाजाप्रमाणे. दारात आपलं स्वागत होईल." सगळे उत्साहाने पुढे गेले. मी माझी बॅग काढण्यात मागे राहिले होते, त्यामुळे मला आधी काही दिसलं नाही. फक्त ऐकू आलं.

"जोहार, मायबाप, जोहार."

आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. वेळ लागला तो विश्वास बसायला. पुढे हशा झाला, टाळ्या झाल्या, एकाने मिश्यांवर ताव देत "जोहार, जोहार" असं उत्तरही दिलं. कॅमेरे निघाले. मी माणसांमधून वाट काढत पुढे गेले. कमानीखाली मोठेबाबा उभे होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला जुनं मुंडासं, हातात घुंगरांची काठी. ते पुन्हा वाकले, हात जमिनीला लावून कपाळाला नेला, आणि मान वर करताना त्यांना मी दिसले. आधी साडी दिसली असावी. त्यांची नजर साडीवर थांबली आणि मग हळूच माझ्या तोंडाकडे आली.

त्यांनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. म्हणाले, "या बाईसाहेब. आत चला."

मला आत चालून जाता आलं असतं. त्यांना तेच हवं होतं, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी माझ्या अंगाची लाही झाली होती. त्या हशाचा, त्या टाळ्यांचा, संत्र्याच्या बागेचाही राग आला होता. मी बॅग खाली ठेवली, वाकून त्यांचे पाय धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जय भीम, मोठेबाबा." मग वळून सांगितलं, "हे माझे मोठेबाबा. माझ्या वडलांचे मोठे भाऊ."

हसणं थांबलं. मिश्यांवर ताव देणाऱ्याने हात खाली घेतला. बसमधली माझी शेजारीण साडीकडे पाहत होती, मग घोंगडीकडे, मग पुन्हा साडीकडे. मोठेबाबांनी काठीची घुंगरं मुठीत दाबून धरली.

मॅनेजर धावत आला. खरंच बिचारा कासावीस झाला होता. "मॅडम, आधी सांगायचं नाही का? आज आम्ही दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं असतं."

मला मिळालेली खोली पूर्वीची कचेरी होती. हातभर जाडीच्या भिंती, कोरीव दार, जाळीमागे लपवलेला एसी, पितळेच्या घंगाळात तरंगणारी झेंडूची फुलं. पलंग इतका मऊ की बसलं की माणूस आत जाई. याच कचेरीच्या पायरीखाली माझे आजोबा हुकमाची वाट बघत उन्हात उभे राहायचे, असं बाबा सांगत. आपली नात इथे गादीवर निजेल हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांना हसू आलं असतं. मी मात्र गादीच्या कडेला अंग चोरून बसले होते. दारात तो जोहार चालू असताना या खोलीत निजायचं कसं, ते कळत नव्हतं.

जेवणात झुणका आणि ज्वारीची भाकर होती, चकचकीत पितळी ताटात. शाळेत असताना मैत्रिणींसमोर हाच डबा उघडायची मला लाज वाटायची. आता साहेब बोटं चाटत होते. सगळे माझ्याशी फार म्हणजे फारच चांगले वागत होते. कुणी पाणी ओतून दिलं, कुणी खुर्ची ओढून दिली. साहेब म्हणाले, "तुम्ही आज जे केलंत, त्याला धैर्य लागतं." मी मान डोलावली. इतका चांगुलपणा एकाच वेळी अंगावर आला की माणसाला पळून जावंसं वाटतं. आणि खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी मला थोडा अभिमानही वाटत होता. आपण योग्य तेच केलं, असं वाटत होतं.

दुपारची बैठक संपल्यावर मी मोठेबाबांना शोधायला गेले. ते मागच्या बगिच्यात होते, धोतर आणि सदऱ्यात, वाळलेली पानं गोळा करत. घोंगडी कुठे दिसत नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी त्यांनी काम थांबवलं नाही.

"काहून केलं वं असं?" शेवटी ते म्हणाले.

"तुमच्या पाया पडले, मोठेबाबा. दुसरं काय केलं?"

"पाया पडाले घर नाही काय? दसरा नाही काय?" त्यांनी पानांची टोपली खाली ठेवली. "तिथं मी तुहा मोठेबाबा नव्हतो, पोरी. नाटकातला माणूस होतो. घोंगडी त्यांची, काठी त्यांची, बोल बी त्यांचे. नाटक सरलं का मी माह्या घरी. तू पाया पडली, अन् मले त्या घोंगडीत माह्या नावानं उभं केलं. चारचौघांत."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "पण तुम्ही तर काठी नाल्यात फेकली होती."

"फेकली ना. माही फेकली. हे हॉटेलची आहे," ते म्हणाले आणि थोडं हसलेही. मग पुन्हा गंभीर झाले. "म्हातारपणी कोण काम देते? तुह्या बापापुढं हात पसरू काय? दसऱ्याले नागपूरले रिकाम्या हातानं येऊ काय?"

मी नकळत पदर हातात घट्ट धरला. त्यांनी ते पाहिलं.

"शोभून राहिली तुले," ते म्हणाले. "नेसत जा."

मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती, कारण त्यांनाच मला समजवावं लागलं असतं. मी विचारलं, "मॅनेजर काही बोलला का?"

"लय गोड बोलला. उद्यापासून मी बगीच्यातच. दारात दुसरा."

"दुसरा कोण?"

"आपल्याच वस्तीतला." त्यांनी टोपली उचलली. "त्याची पोरगी अजून बँकेत नाही लागली."

जाता जाता ते थांबले. "तुह्या बापाले सांगू नको. बाकी काही मागत नाही मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा कमानीखाली खरोखरच दुसरा माणूस होता. मोठेबाबांहून बारीक. घोंगडी त्याच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. त्याने वाकून जोहार घातला, पण या वेळी कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे चोरून बघत होते. मी त्याला "जय भीम" म्हणाले. तो गोंधळला, मॅनेजरकडे बघू लागला. कमानीतून बाहेर येईपर्यंत मला माझ्याच पायांची लाज वाटत होती.

बाबांनी विचारलं, "दादा भेटला?" मी म्हटलं, भेटले, बगीचा छान ठेवलाय. बाबांना बरं वाटलं. कोसा मी धुऊन कपाटात ठेवला.

दसऱ्याला मोठेबाबा आले. पांढरे कपडे होते, पिशवीत सगळ्यांसाठी काहीबाही होतं. सकाळी अंगण भरलं, बाबांनी फुलं ठेवली, मेणबत्ती लावली आणि सवयीने बाजूला होऊन मोठेबाबांसाठी पुढे जागा केली. मोठेबाबा जागचे हलले नाहीत. ते सगळ्यांच्या मागे, भिंतीला लागून उभे होते.

"माहा गळा बसून राहिला," ते म्हणाले. "पोरीले म्हणू द्या."

गळा बसला नव्हता. थोड्याच वेळापूर्वी ते शेजाऱ्याशी मोठमोठ्याने गप्पा मारत होते. पण बाबांचा चेहरा फुलला, गल्लीतल्या बायकांनी मला पुढे ढकललं. मी हात जोडले आणि सुरुवात केली. माणसं माझ्यामागून म्हणू लागली. त्यांत, सगळ्यांत मागून, तो भरदार आवाज मुद्दाम खाली धरलेला, एकेक शब्द माझ्यामागून येत होता. मला मागे वळून बघता आलं नाही.

त्यानंतर मोठेबाबा पुढे उभे राहिले नाहीत, कधीच. बाबा मात्र शेवटपर्यंत येईल त्याला कौतुकाने सांगत, "दादानं आपली जागा पोरीले देली." आणि मी हो म्हणायची.