मावशीच्या बोटीची मागची भिंत

गिरणी बंद पडली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. आयुष्य मागावर गेलेलं, दुसरं काही येत नव्हतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारी एक शेड होती, तिथं हेल्पर म्हणून चिकटलो. साचे बनवणारा सुतार माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, मराठवाड्यातला. त्यानंच मला काम शिकवलं. काचेच्या धाग्यांची मॅट कशी अंथरायची, रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर किती घालायचं, ब्रशनं हवेचे बुडबुडे कसे दाबून काढायचे, सगळं. काचेच्या भुशानं अंग खाजायचं तेव्हा थंड पाण्यानंच आंघोळ कर, हेही त्यानंच सांगितलं. दोन वर्षांत मी स्वतःला कारागीर समजायला लागलो.

एक दिवस शेडवर एक कोळीण आली. पन्नाशीची असेल. बोरिवलीच्या खाडीवर तिची फायबरची इंजिनबोट होती, नवऱ्यानं कुठल्याशा क्लबकडून जुनी घेतलेली. नवरा गेल्यावर ती स्वतः बोट चालवून माणसं पलीकडे नेत होती. मागच्या बाजूला, इंजिन टांगलेलं असतं तिथं, तडे गेले होते. मालक म्हणाले, "आम्ही टाक्या करतो, बोटी नाही." ती निघाली तशी मी मागे गेलो आणि म्हणालो, "मावशी, मी बोरिवलीलाच राहतो. रविवारी येऊन बघतो."

सुताराला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो आला असता, आणि काम त्याचं झालं असतं.

रविवारी गेलो. तडे घासले, वर मॅटचे तीन थर चढवले, रंग मारला. बाहेरून बोट झकास दिसत होती. मावशीनं मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी फुशारून घरी आलो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशी आमच्या चाळीत आली. दारातच उभी राहिली.

"अर्ध्या खाडीत मागची भिंत हलाय लागली," ती म्हणाली. "पाणी आत आला. बोटीत सात माणसं होती, त्यात एक बाळंतीण. मी इंजिन बारीक करून मागं फिरवली. सगळी सुखरूप हायत."

बायको पाणी आणायला आत गेली. मावशी शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, "तू केलंस ते खोटं नाय केलंस. पण काय चुकला ते मला सांग. मला परत माणसं बसवायची हायत."

काय चुकलं ते मला माहीतच नव्हतं. तसंच म्हणालो, "मावशी, मला कळत नाही. ज्याला कळतं त्याला घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सुताराला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आतलं लाकूड बघितलंस का?" फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या टाक्या पोकळ.

रविवारी तो आला. हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर ठोकत गेला. वरच्या कडेला टणक आवाज, इंजिनाच्या बोल्टांच्या खाली बद्द. "वरून शिवलंस, पू आतच राहिला," तो म्हणाला. इंजिन उतरवून आम्ही आतला थर करवतीनं कापला. आतलं प्लायवूड काळं, चहात बुडवलेल्या पावासारखं. बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपत होतं. तळातल्या दोन लांब लाकडी दांड्यांचंही तेच झालेलं. त्यांच्यावरच बोटीचा ताठपणा असतो. मी मावशीकडे बघितलं नाही.

कुजकं लाकूड पटाशीनं खरवडून काढण्यात एक सुट्टी गेली. मग मावशीनं बोट दोन आठवडे उन्हात कोरडी होऊ दिली. तिचा धंदा बंद होता, पण तिनं एकदाही घाई केली नाही. चांगल्या प्लायवूडचे दोन जाड तुकडे सुतारानं भिंतीच्या आकाराला असे कापले, की मध्ये कागद जाईना. रेझिन लावून ते बसवले, तेव्हा शिकंजे आवळेपर्यंत मावशी पाठ लावून आतून रेटत उभी होती. दांड्या नव्या घातल्या, वर मॅट चढवली. प्रत्येक भोक आधी मोठं पाडून रेझिननं भरलं आणि मगच बोल्टासाठी पुन्हा पाडलं, म्हणजे लाकडाला पाणी शिवणार नाही. या वेळी मॅट अंथरायला सुतारानं मलाच लावलं. "हात तुझा चांगला आहे," तो मावशीसमोर म्हणाला. "फक्त बघायचं राहिलं होतं."

भरतीला बोट पाण्यात लोटली. सुताराला पोहता येत नव्हतं, त्यानं समुद्रही लांबूनच पाहिलेला. मी म्हटलं, "तू काठावर थांब." तो म्हणाला, "माझं लाकूड आहे त्यात." आणि चढून बसला. मावशीनं इंजिन पूर्ण वेगात सोडलं. मी पूर्ण वेळ मागच्या भिंतीवर तळवा ठेवून होतो. फक्त इंजिनाची थरथर लागत होती. पलीकडे पोचल्यावर आम्ही तळ हातानं चाचपला. कोरडा होता.

मावशीनं त्यानंतर धक्क्यावर ज्याला त्याला माझं नाव सांगितलं. आधीच्या फजितीबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोटी येत गेल्या, आणि चार वर्षांनी मी शेड सोडून हेच काम धरलं. सुतार निवृत्त होईपर्यंत दर रविवारी मदतीला यायचा. त्या दोघांपैकी कुणी एक जरी त्या दिवसांत मला घालून पाडून बोललं असतं, तर मी पुन्हा टाक्यांकडे वळलो असतो आणि तिथंच राहिलो असतो. हे मी सुताराला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "चल, मॅट वाळतेय."

मावशीला मात्र सांगायचं राहून गेलं. म्हणून इथं लिहिलं.