दुधातला खिळा

आमच्या घरची म्हैस गाभण आहे की रिकामी, हे शोधायला मी पुण्यातली अख्खी प्रयोगशाळा कामाला लावली होती, हे आमच्या सरांना अजून ठाऊक नाही.

आमचं गाव वरवट बकालजवळ. म्हैस एका कानाची, दुसरा कान लहानपणीच कुत्र्याने तोडलेला. दूध आटत चाललं होतं आणि फळवूनही ती गाभण राहत नव्हती. यंदा पुन्हा फळवली. डॉक्टरांनी हाताने तपासून सांगायला अजून वेळ होता आणि बाबांना तेवढा दम नव्हता. रिकामी निघाली तर बाजारात नेणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. आईचं जेवणावरून मन उडालं. त्या म्हशीवर तिचा फार जीव.

माझं काम चुंबकीय कणांचं. लोखंडाच्या ऑक्साइडचे कण, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. त्यांच्यावर असा लेप देतो की ते दुधातलं नेमकं एकच प्रथिन धरतात, जे गाभण जनावरातच असतं. मग किती कणांनी ते धरलं, हे सेन्सर त्यांच्या चुंबकत्वावरून ओळखतो. दूध पांढरं असो की पिवळं, सेन्सरला फरक पडत नाही, कारण दुधाला स्वतःचं चुंबकत्व जवळजवळ नसतंच. फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. मशीन म्हणेल ते मान्य, म्हणाले.

पहिली बाटली चुलतभावाने बर्फात घालून आणली. सेन्सर नुसता पिसाळला, आकडे कुठल्या कुठे. वैतागून उरलेलं दूध ओतलं, तर तळातून टण्णकन एक गंजका खिळा पडला.

आईला फोन लावला. उंबऱ्याबाहेर जाणाऱ्या दुधात लोखंड टाकलं नाही तर जनावराला नजर लागते, एवढं शिकून मला हे कसं कळत नाही, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मग पोट दुखेपर्यंत हसले. जगातल्या सगळ्या वस्तू सोडून माझ्या आईने दुधात नेमकं लोखंड टाकावं!

दुसऱ्या खेपेला मी स्वतःच गेले. आईने माझ्यासमोर धार काढली. दूध बाटलीत भरून झाकण मी लावलं, तेही बाबांच्या देखत. ते सारा वेळ म्हशीच्या खादाडपणावर बोलत होते आणि गोणपाटाच्या तुकड्याने तिची पाठ चोळत होते. निघताना आईने एक खिळा चिंधीत गुंडाळून माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सारला.

"बाटलीत नाही टाकत," ती म्हणाली. "पण जवळ असू दे."

पुण्यात तपासणी केली. पटलं नाही म्हणून पुन्हा केली. दोन्ही वेळा तेच आलं, म्हैस रिकामी. मला रडूच कोसळलं. आईला काय सांगू, हेच कळेना. फोन नेमका बाबांनी उचलला. मी सांगून टाकलं.

गोठ्यातली साखळी वाजलेली ऐकू आली.

"त्या बाटलीतही खिळा असन," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. झाकण लावताना ते माझ्या शेजारीच उभे होते.

"तुह्या मायचा काही भरोसा नाही. खिळा असन तर तपासणी कच्ची. पक्कं समजल्याबिगर जनावर कसं इकू मी?"

बाबांच्या मागे आई होती, तिचा श्वास ऐकू येत होता. एरवी असा आळ आला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती गप्प राहिली.

माझ्यासमोर टेबलावर बाटली होती, आतून स्वच्छ. शेजारी चिंधीतला खिळा.

"हाव बाबा," मी म्हणाले. "होता खिळा."