साडेसातचे अकरा

घरमालकाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच लॅबमधून घरी येऊन कूलरमध्ये पाणी टाकत होते. खरं तर फोन घरमालकाचा नव्हता, त्यांच्या मुलाचा होता.

"मॅडम, करार संपून राह्यला मे महिन्यात. बाबा म्हणते, यावर्षी अकरा हजार कराचे. नाई जमत असन तर आधीच सांगा."

साडेसातचे थेट अकरा. मी विचारलं, "काकाजी स्वतः नाही येत का यंदा?"

"त्याईचं येणं नाई होत आता," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

चंद्रपूरला तुकूमच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्या आणि हॉलमध्ये आम्ही चार वर्षं राहत होतो. मी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, नवरा बल्लारपूरला कागद कारखान्यात आहे आणि मुलगी तेव्हा दहावीत गेली होती. घरमालक म्हणजे भद्रावतीला राहणारे एक निवृत्त कारागीर. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. दरवर्षी करार संपला की ते एसटीने यायचे, पिशवीत बाँड पेपर आणि काकूंनी दिलेली सांडग्यांची पुडी घेऊन. नळ, पंखे बघायचे, चहा प्यायचे आणि उठता उठता म्हणायचे, "पाचशे वाढवू मंग?" आम्हीही हो म्हणायचो. इतकं साधं काम होतं ते.

त्यामुळे भाडं वाढलं याहीपेक्षा ते कोणी वाढवलं, हा प्रश्न मला जास्त टोचत होता. मी दुसऱ्या दिवशी काकाजींच्या नंबरवर फोन लावला. मुलानेच उचलला. म्हणाला, बाबा झोपले आहेत. संध्याकाळी लावला, तर बाबा बाहेर गेले आहेत. दोन दिवसांनी लावला, तर बाबांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही.

"बुढ्याले माहीतच नसन," नवरा म्हणाला. "पोरगा वरचे साडेतीन हजार स्वतःच्या खिशात टाकाले पाहून राह्यला."

हे मला पटलं. पण मग त्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा तो मुलगा खाली गेटपाशी दिसला. सोबत पांढरा शर्ट घातलेला एक जाडसर माणूस होता. मुलाने आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं, त्या माणसाने मान वर करून पाहिलं, मग इमारतीला एक फेरी मारली. वर मात्र दोघंही आले नाहीत. जाताना मुलगा खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या दारात थांबून बराच वेळ बोलत होता.

या बाई साठीच्या पुढच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांचा फ्लॅट स्वतःचा होता. त्यांचे यजमान आणि काकाजी भद्रावतीला एकाच ठिकाणी नोकरीला होते, म्हणून ओळख जुनी. आमची मुलगी दुपारी त्यांच्याकडेच अभ्यासाला बसायची, कारण त्यांच्या हॉलला ऊन लागत नव्हतं. त्या मला "बाई" म्हणायच्या आणि मीही त्यांना "बाई"च म्हणायचे. मार्चमध्ये नवरा कारखान्यात कायम झाला तेव्हा पहिला पेढा मी त्यांच्याच हातावर ठेवला होता. त्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "मंग आता दोघाईचा मिळून चांगलाच होत असन पगार?" तेव्हा मी हसून हो म्हटलं होतं. आता तो प्रश्न मला वेगळाच ऐकू यायला लागला.

माझं दिवसभराचं काम काचेखाली बघत राहायचं. रक्ताच्या एका थेंबात एकदा काही संशयास्पद दिसलं की मग साध्या पेशीसुद्धा चुकीच्या वाटायला लागतात. घरीही तेच झालं. बाईंनी मागे कधीतरी विजेचं बिल विचारलं होतं. त्यांचा एक भाचा खाणीत कंत्राटदाराकडे लागला होता आणि खोली शोधत होता. कंत्राटदार लोक आजकाल एकेका फ्लॅटमध्ये सहा-सहा माणसं ठेवतात आणि सांगू ते भाडं देतात. हे सगळे तुकडे मी जोडत गेले आणि ते जुळतही गेले.

नवऱ्याच्या मनात मात्र तिसरंच होतं. दोन दिवसांनी मग जेवताना म्हणाला, "जयंतीले आपण गॅलरीत निळे लाइट लावले होते. आठ दिवसांनी फोन आला."

मी म्हटलं, "चार वर्षं लावतोय आपण."

"पोरानं यंदाच पाह्यले असतील."

हा फ्लॅट मिळायच्या आधी आम्ही सात घरं पाहिली होती. फोनवर घर रिकामं असायचं, आडनाव सांगितलं की संध्याकाळपर्यंत "दिलं" असायचं. एका बाईने तर दारात उभ्या उभ्याच विचारलं होतं, देवघर कुठे करणार म्हणून. काकाजींनी काही विचारलं नव्हतं. हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर बसूनच त्यांनी पहिल्या करारावर सही केली होती. पण बापाचं मन मोठं असलं म्हणून मुलाचंही तसंच असेल, हे कोण सांगणार?

मेच्या पहिल्या आठवड्यात खालच्या बाई वर आल्या. हातात अंबाडीच्या भाजीचा डबा होता. मी दार अर्धंच उघडलं.

"पोट्टी येऊन नाई राह्यली दुपारची. तब्येत बरी आहे ना तिची?"

"बरी आहे. घरीच करते अभ्यास."

मुलीला खाली पाठवणं मीच बंद केलं होतं. भाजी झाली आहे आमची, असं सांगून मी डबाही घेतला नाही. बाई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "बाई, भाड्याचं काही ठरवाच्या आधी एकदा भद्रावतीले जाऊन या तुमी. त्याईले भेटून या."

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. भाडं वाढल्याचं आम्ही कोणालाही सांगितलं नव्हतं. मुलीलाही नाही.

म्हणजे यांना माहीत आहे. मुलाने सांगितलं, किंवा यांनीच मुलाला सुचवलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊन ये मग. बुढ्याच्या समोरच इचार, या बाईनं काय सांगतलं म्हणून."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी भद्रावतीची एसटी पकडली. जाताना मनात वाक्यं तयार करत होते. बाईंचं नाव कसं काढायचं, मुलासमोर कसं बोलायचं, काकूंना मध्ये कसं घ्यायचं. काकू सरळ स्वभावाच्या होत्या, त्या खोटं बोलणार नाहीत असं वाटत होतं.

काकाजींचं घर शोधायला वेळ लागला नाही. समोरच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगा गल्ल्यावर बसला होता. मला पाहून तो उठला, "मॅडम, तुमी काऊन त्रास घेतला? फोन कराचा ना." पण आलेल्या माणसाला परत पाठवणं त्यालाही जमलं नाही. त्याने मला मागच्या पडवीत नेलं.

पडवीत एक खाट, एक टेबल फॅन आणि दोरीवर काकाजींचे दोन शर्ट होते. काकाजी खाटेवर बसून पेपर वाचत होते. त्यांना चांगलं ऐकू येत होतं. माझ्या चपलेच्या आवाजानेच त्यांनी मान वर केली. ते खूप वाळले होते. वर भिंतीवर काकूंचा फोटो होता आणि फोटोला हार होता.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "थंडीतच गेली. तुमाले कळवाचं राहून गेलं."

सून पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मुलगाही दुकान सोडून आत आला. मी तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. भाड्याचा विषय मुलानेच काढला, आजूबाजूचे दर सांगितले. काकाजी पेपरची घडी करत ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "हाव. अकराच. मीच सांगतलं."

म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. मी चहा घेतला आणि उठले. तेव्हा काकाजीही उठले, चप्पल पायात घातली आणि मुलाला म्हणाले, "यायले स्टँडपर्यंत सोडून देतो." मुलगा म्हणाला, मी गाडीवर सोडतो. पण तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं.

गल्ली संपेपर्यंत काकाजी मागे वळून वळून बघत होते. चौकात एका बंद दुकानाच्या सावलीत ते थांबले.

"तुमी जाल म्हणून अकरा सांगतले," ते म्हणाले.

मला वाटलं, आता आडनावाचं निघणार. "आम्ही जावं असं काय केलं आम्ही, काकाजी?"

"तुमी काही नाई केलं. म्हणूनच तोंडानं निघा म्हणाची हिंमत झाली नाई." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मले राहाचं आहे तिथी. तिच्या मागं मले या घरात जागा नाई उरली. पाह्यलं ना तुमी? समोरची खोली दुकानाले गेली. पोरगा तो फ्लॅट विकाले पाहून राह्यला. गिऱ्हाईकही आणून दाखवलं त्यानं. भाडेकरू असला तर भाव येत नाई म्हणते, म्हणून खाली करा म्हणते. मी म्हटलं, भाडं वाढव, जातील. त्याले वाटते, विकाले खाली होऊन राह्यलं. पण खाली झालं की मीच जाऊन बसतो. कागद माझ्या नावावर आहे. मी आत असल्यावर कसा विकन?"

तो पांढऱ्या शर्टवाला म्हणजे फ्लॅटचं गिऱ्हाईक होतं.

मी विचारलं, "खालच्या बाईंना हे माहीत आहे?"

"पेन्शनच्या कामाले गेलो तवा दुसऱ्याच्या फोनवरून लावला होता तिले. म्हटलं, तुमी हळूच सांगा त्याईले. तर माझ्यावरच भडकली. म्हणे, चार वर्षाची माणसं आहेत, असं भाडं वाढवून काढता का? मी तुमचा निरोप नाई नेत. तुमचं तुमी सांगा."

पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही. मी तीन महिने मागितले, जुन्याच भाड्यावर. त्यांनी माझ्याच पिशवीतला कागद घेऊन, गुडघ्यावर ठेवून तसं लिहून दिलं आणि सही केली. म्हणाले, "पोराले दाखवू नका. सांगा, घर शोधून राह्यलो."

एसटीत खिडकीशी बसले तरी मला हायसं वाटलं नाही. म्हातारा मुलाला फसवत होता, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. मग तो मलाही फसवत नसेल कशावरून? कदाचित हेही घरात ठरलेलं असेल: तू रडकं तोंड कर, त्या निघतील. नवऱ्याने अगदी तेच विचारलं. पडवीतली ती खाट मात्र मी डोळ्यांनी पाहिली होती. घर सोडायचं आम्ही ठरवलं.

खालच्या बाईंकडे गेले ते दोन दिवसांनी. जे मनात आलं होतं ते सांगितलं, भाच्याचं आणि पगाराचं सोडून. पण न सांगितलेलंही त्यांना कळलं असावं. त्या गहू निवडत होत्या. ताटावरून नजर न उचलता म्हणाल्या, "तुमी मले इच्यारलं असतं तर सांगतलं असतं, बाई." मी माफी मागितली. "राहू द्या," म्हणाल्या. सामान हलवायच्या दिवशी त्या वर आल्या, आमची भांडी पेपरात गुंडाळून दिली, आणि दिवसभरात माझ्याशी दहा शब्द बोलल्या असतील.

नवीन घर बाबूपेठेकडे मिळालं, पाचव्या प्रयत्नात. त्याआधीच्या दोन ठिकाणी काय झालं ते सांगत बसत नाही. नवऱ्याला बल्लारपूर जवळ पडलं, मला दवाखाना लांब पडला. इथल्या करारातली प्रत्येक ओळ मी तीनदा वाचली आणि घरमालकाला दोनदा विचारलं, की घरात तुमचं कोण कोण आहे.

अनामत रक्कम काकाजींनी पूर्ण परत केली होती. तरी माझ्या मनातून ते जात नव्हतं. आम्ही खरंच कोणासाठी निघालो, बापासाठी की मुलासाठी? दिवाळीनंतर एकदा ड्यूटी लवकर संपली तेव्हा मी तुकूमला गेले. गेटबाहेरूनच वर पाहिलं. गॅलरीत काकाजींचा शर्ट वाळत होता. मी वर गेले तर दार उघडंच होतं. एक खुर्ची, एक खाट, गॅसची छोटी शेगडी, एवढंच सामान. काकाजी भाजी चिरत होते. म्हणाले, मुलगा दोनदा येऊन भांडून गेला, आता महिनाभर फोन नाही. सून मात्र लपून करते. बोलताना ते मधेच थांबून दाराकडे बघत होते, पायऱ्यांवर कोणाचा आवाज आला की कान देत होते.

उतरताना मी खालच्या दाराची बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मुलीच्या दहावीच्या तयारीचं विचारलं. गणिताला कोण आहे, सकाळी उठते का, डोळ्यांचा नंबर वाढला का. मी सगळं सांगितलं. निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पोट्टीले पाठवत जा सुट्टीच्या दिवशी. इथी शांत असते."

मी हो म्हटलं. तुम्हीही येत जा, असं त्या म्हणतात का, म्हणून मी चप्पल घालताना जरा वेळ लावला. त्या म्हणाल्या नाहीत.